जुळवणी

क्लीव्हलंडला त्या आठवड्यात सरोवरावरून वारा सुटला होता.
शटरच्या फटींत जुनी वर्तमानपत्रं कोंबून
आम्ही मशीन सुरू केलं.
मालकाला माहीत नव्हतं. किंवा माहीत होतं,
म्हणून टोपी घेऊन तो चारही रात्री लवकर घरी गेला.

कागद युनियनने दिलेला, दोन हजार ताव.
शाई स्टान्कोची. म्हणजे सुपरमार्केटच्या जाहिराती छापताना
डब्याडब्याच्या तळातून खरवडून साठवलेली.
निगेटिव्ह एका चित्रकार बाईंनी आणली, कोटाच्या अस्तरातून.
"यात माझं काहीच नाही," त्या म्हणाल्या,
"फोटो एका शिपायाने काढलाय. मी फक्त खाली एक ओळ घातली."
खुर्ची दिली तरी बसल्या नाहीत.

मी एकोणीस वर्षांचा. रोलर पुसायचो, ताव मोजायचो.
सैन्यभरतीच्या लॉटरीत माझा नंबर निघाला होता:
सत्तेचाळीस.

पहिल्या रात्री पिवळा.
पिवळ्यात काही दिसत नाही,
कागदाला कावीळ झालीय एवढंच.
शेत असेल, ऊन असेल.
मी शिट्टी वाजवत गठ्ठे रचले.

दुसऱ्या रात्री किरमिजी.
आता रस्ता आला. रस्त्यावर माणसं आली,
आडवी, एकमेकांच्या अंगावर पाय टाकून,
कामावरून येऊन जिथे जागा मिळेल तिथे कलंडल्यासारखी.
शिट्टी कधी थांबली, कळलं नाही.

तिसऱ्या रात्री निळा.
पिवळ्यावर निळा चढला की हिरवं होतं, हे शाळेतलं.
पण गवत असं समोर उगवताना बघणं,
कुणाच्या बोटांच्या मधून –
आणि तेवढ्यात स्टान्कोने मशीन बंद केलं.

एका बाईच्या कुशीत एक मूल होतं,
आणि त्या मुलाला दोन उजवे हात आले होते.
एक लाल, आईच्या बाहीवर.
एक निळा, केसभर सरकलेला, बाहेर.

"केसभर तर आहे," मी म्हणालो. "भिंतीवर कोण बघणार?"
"सॉसेजला चालतं," स्टान्को म्हणाला,
आणि भिंग घेऊन वाकला.
मलाही बघायला लावलं.
भिंगाखाली कुणीच मेलेलं नव्हतं. नुसते ठिपके,
लाल, पिवळे, निळे, आपापल्या जागी गुमान.
त्याने स्क्रू पाव आटा फिरवला. एक ताव. रद्दी.
आणखी थोडा. रद्दी.
चाळीस ताव गेले,
एकेक मोजणारा हा माणूस, त्याने मोजले नाहीत.
एक्केचाळिसाव्यावर हात हातावर बसला
आणि बाहीवर स्थिर झाला.

त्याचं गाव स्लोव्हेनियाच्या डोंगरात होतं,
एका सकाळी सगळं जाळलं गेलं.
फोटो कुणी काढला नव्हता.
हे त्याने नाही सांगितलं. त्याच्या बायकोने सांगितलं,
पुष्कळ वर्षांनी, त्याला पुरून आल्यावर, सूप वाढताना.

चौथ्या रात्री काळा.
शर्टाची बटणं आली. एक चप्पल आली.
आणि खाली ती ओळ, सरकारी पत्रकातली,
बाईंनी पूर्णविरामही हलवला नव्हता:
मोहीम यशस्वी. शत्रूची मोठी हानी.

आम्ही ते बस डेपोवर लावले, ग्रंथालयावर,
भरतीच्या ऑफिससमोरच्या लाकडी कुंपणावर.
काही त्याच दिवशी फाडले गेले.
बेकरीतल्या बाईने छातीवर क्रूस काढला
आणि दुकानाचा पडदा ओढून घेतला.
एक माणूस थुंकला, पोस्टरवर की आमच्यावर,
वाऱ्यामुळे सांगता येईना.

उन्हात लाल आधी उडतो. मग पिवळा.
एप्रिलपर्यंत कुंपणावरची माणसं निळी पडली होती,
गवतासकट.
ओळ तेवढी काळीकुट्ट.

मे महिन्यात मी पूल ओलांडून कॅनडात गेलो.
पिशवीत दोन शर्ट, आणि रद्दीतला एक ताव
सुरळी करून.
अंधारातच राहिला, म्हणून रंग अजून शाबूत आहेत.
त्यावर काळा कधी चढलाच नाही,
त्यामुळे खाली काही लिहिलेलं नाही.
मुलाचा एक हात आईच्या बाहीवर.
दुसरा केसभर बाहेर,
निळा.